बाबांचं कर्ज आणि दहा हजार वाटा

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मराठीत गणित लिहायची ही माझी पहिलीच वेळ. चुका पोटात घाला!

विषय घरातलाच आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. आमचं गृहकर्ज ‘फ्लोटिंग’. बँकेने हप्ता तसाच ठेवला आणि न विचारता मुदत वाढवली. बाबा म्हणाले, “हप्ता तोच आहे ना, मग काय बिघडलं?” मी तेव्हा ज्युनिअर कॉलेजात. मलाही तसंच वाटलं.

इथे न्यूमेरिकल मेथड्सच्या लॅबमध्ये सहज हिशोब केला. गोल आकडे घेऊ. बाकी कर्ज २० लाख, दर ७ टक्के, १८० हप्ते. हप्ता येतो सुमारे १७,९७७ रुपये. आता दर ९.५ टक्के करा आणि हप्ता तोच ठेवा. हप्ते किती होतात? सुमारे २७०! म्हणजे साडेसात वर्षं जास्त. बाबा तेव्हा ४५ वर्षांचे होते. साठीत फिटणारं कर्ज साडेसदुसष्टाव्या वर्षी फिटणार. मुदत तीच ठेवली असती तर हप्ता २०,८८५ झाला असता, म्हणजे महिन्याला फक्त २,९०० रुपये जास्त.

मग प्रश्न पडला, दर वाढण्याच्या या भीतीची किंमत काढता येते का? येते! बँका आणि मोठ्या कंपन्या आपसांत ‘कॅप’ नावाचा करार करतात. समजा मर्यादा ८ टक्के. दर त्याच्या वर गेला तर वरचा फरक समोरचा देतो, खाली राहिला तर काही नाही. अशा कराराचा आज किती मोबदला घ्यायचा?

त्यासाठी उद्याचा दर कसा चालेल याचं मॉडेल लागतं. १९७७ मध्ये व्हासिचेक यांनी एक साधं मॉडेल मांडलं:

दरातला बदल = ओढ × (सरासरी पातळी − आजचा दर) × काळ + हेलकावा × √काळ × फासा

पहिला भाग दराला सरासरीकडे खेचतो. मेकॅनिकलवाल्यांना स्प्रिंग आठवेल. दुसरा भाग नशिबाचा. फासा म्हणजे नॉर्मल डिस्ट्रिब्युशनमधून काढलेला आकडा. उदाहरणार्थ ओढ ०.५, पातळी ७ टक्के, हेलकावा १ टक्का, आजचा दर ९ टक्के आणि काळ एक महिना. ओढीने दर ०.०८ ने उतरतो. फासा +१ पडला तर ०.२९ ने चढतो, म्हणजे नवा दर सुमारे ९.२१. फासा −१ पडला तर ८.६३. असं महिन्यामागून महिना करत गेलात की दराची एक वाट तयार होते. अशा दहा हजार वाटा काढा, प्रत्येक वाटेवर कॅपचे किती पैसे मिळतात ते पाहा, त्याच वाटेच्या व्याजदराने ते आजच्या किमतीत आणा आणि सरासरी घ्या. हीच मॉन्टे कार्लो पद्धत. १०० ऐवजी १०,००० वाटा घेतल्या तर चूक शंभरपट नाही, दहापटच कमी होते. वर्गमूळ इथेही पाठ सोडत नाही!

पण मित्रांनो, एक सापळा आहे, आणि मी त्यात पडलो होतो. मी आधी दरांची सरासरी काढली आणि ती कॅपमध्ये घातली. समजा दोनच वाटा आहेत, ६ टक्के आणि ९ टक्के. सरासरी ७.५, मर्यादेच्या खाली, म्हणून कॅपची किंमत शून्य! पण दुसऱ्या वाटेवर २० लाखांवर एका वर्षाला १ टक्का, म्हणजे २०,००० रुपये मिळतात. दोन्ही वाटांची सरासरी १०,००० रुपये (आजच्या किमतीत आणण्याआधी). सरासरी दराने नव्हे, वाईट दराने माणूस बुडतो. सरासरी घ्यायची ती पैशांची, आणि ती सगळ्यात शेवटी.

आणखी एक. ओढ, पातळी हे आकडे मनाने घ्यायचे नाहीत. आज बाजारात रोख्यांची जी किंमत आहे, तीच मॉडेलमधून निघाली पाहिजे. म्हणून हल आणि व्हाइट यांनी १९९० मध्ये पातळी काळानुसार बदलती ठेवली. व्हासिचेकचा दर शून्याखाली जाऊ शकतो, हा दोष मानला जाई. पण जून २०१४ ते जुलै २०२२ युरोपच्या मध्यवर्ती बँकेचा ठेवींवरचा दर खरोखरच शून्याखाली होता. कधी कधी मॉडेलपेक्षा जगच विचित्र निघतं!

कॅप काही आपल्याला काउंटरवर मिळत नाही. पण ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. सुट्टीत मी बाबांना वहीवर दोन ओळी मांडून दाखवल्या, २७० आणि १८०. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी का नाही सांगितलंस?”

“बाबा, आधी येत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो आणि हप्ता वाढवून घेतला. तुमच्या घरीही असं एखादं पत्र फाइलमध्ये पडलं असेल. या सुट्टीत एकदा काढून बघा.