पाणी गेले कुठे?

ही एक कोडेच वाटावी अशी गोष्ट आहे. काल मोटारीच्या रेडिएटरमध्ये काठोकाठ भरलेले पाणी आज कमी झाले. जमिनीवर एक थेंब नाही, एकही रबरी नळी ओली नाही. मग पाणी गेले कुठे?

मोटार साधी नाही. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतले, १९५७ साली प्रथम चाललेले इंजिन तिच्यात आहे. त्यात वरखाली होणारे दट्टे नसतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर एका पोकळीत गरगर फिरतो. जपानच्या माझदा कंपनीने १९६७ पासून अशा मोटारी विकल्या.

जेवणाच्या डब्याचे कप्पे एकावर एक ठेवून आवळावेत, तसे या इंजिनाचे भाग लांब बोल्टांनी आवळलेले असतात. थंड ठेवणारे पाणी या भागांतून आरपार वाहते. म्हणून प्रत्येक सांध्यात कुकरच्या झाकणात असते तसे रबरी कडे बसवतात. या इंजिनात स्फोट नेहमी एकाच बाजूला होतो. ती बाजू तापून जास्त प्रसरण पावते, समोरची त्या मानाने थंड राहते. त्यात कोणी हौसेने टर्बोचा दाब वाढवला, तर उष्णता आणखी वाढते. रबर कडक होते आणि एक दिवस दगा देते.

आता गंमत पाहा. फट एकच, पण वाहतूक दोन्ही दिशांनी! इंजिन चालू असताना ज्वलनकक्षातला दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, म्हणून वायू पाण्यात घुसतो आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. इंजिन बंद केले की कक्षातला दाब संपतो; गरम पाण्याचा मात्र काही वेळ टिकतो. मग पाणी आत झिरपते. सकाळी इंजिन अडखळत सुरू होते आणि पांढरा धूर निघतो.

पण धुरावर भरवसा ठेवू नका. थंडीत निरोगी मोटारही वाफ सोडते. बुडबुडेसुद्धा नुसत्या अडकलेल्या हवेचे असू शकतात. त्यांत जळालेला वायू आहे का, ते रसायन सांगते. श्वासाने चुन्याची निवळी दुधाळ होते ना? इथे निळा ब्रोमोथायमॉल ब्लू वापरतात. इंजिन थंड असताना झाकण काढून ते सुरू करतात आणि रेडिएटरच्या तोंडावरची हवा या द्रवातून ओढतात. कार्बन डाय-ऑक्साइड असेल तर द्रव पिवळा होतो. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका! आतले पाणी शंभर अंशांच्याही वर असू शकते.)

दुसरी परीक्षा उलट दिशेची. थंड इंजिनाच्या पाण्यावर हातपंपाने सुमारे १ वातावरण जादा दाब देऊन रात्रभर ठेवतात. सकाळी दाब उतरलेला दिसला, की स्पार्क प्लग काढून इंजिन स्टार्टरने फिरवतात. ज्या रोटरच्या भोकांतून पाणी उडाले, तिथले कडे गेले!

ते बदलायला सगळे इंजिन सुटे करावे लागते. म्हणून जाणता मेकॅनिक आधी दोन्ही परीक्षा करतो, मगच पाना हाती घेतो.