नावेची रात्र

(काशीच्या घाटांवर रात्री नाव कशी सुरक्षित ठेवली जाते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. काठाला नाव बांधणे आणि काठापासून दूर, वाळूच्या बाजूस ती नांगरणे या दोन्ही पद्धतींचा विचार येथे केला आहे. पाठ वाचताना दोराची लांबी आणि पाण्याची पातळी यांतील संबंधाकडे विशेष लक्ष द्यावे.)

दशाश्वमेध घाटावरील संध्याकाळची आरती आटोपते, गर्दी पायऱ्या चढून गल्ल्यांमध्ये विरून जाते आणि दिवसभर यात्रेकरूंना वाहणाऱ्या नावा एकामागून एक काठाला लागतात. यात्रेकरूचा दिवस येथे संपतो. नावाड्याच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग मात्र येथूनच सुरू होतो. नाव बांधणे हे पाहणाऱ्याला क्षुल्लक काम वाटते. दोर कडीत ओवला, गाठ मारली, झाले. परंतु पहाटे नाव जागेवर आढळेल की नाही, आढळली तरी ती तरंगत असेल की पाण्याने भरून एका कुशीवर कलंडलेली असेल, हे याच दोन-चार मिनिटांत ठरत असते. काशीतील निषाद समाजाची कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नावेवर पोट भरत आली आहेत. शेतकऱ्याला जशी जमीन, तशी त्यांना नाव. ती एका रात्रीत हातची गेली, तर हंगामाची कमाई तिच्याबरोबर जाते.

रात्री नावेला कोणत्या गोष्टींपासून जपावे लागते, हे समजण्यासाठी प्रथम नदीचा स्वभाव पाहिला पाहिजे. हिमालयातून निघून पूर्वेकडे जाणारी गंगा काशीजवळ वळण घेते आणि काही अंतर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. शहर या वळणाच्या बाहेरच्या बाजूस, पश्चिम काठावर वसलेले आहे. नदीच्या वळणात बाहेरच्या बाजूचे पाणी वेगाने धावते आणि काठ खरवडून खोल करते. आतल्या बाजूस पाणी मंदावते आणि आपल्याबरोबर आणलेली वाळू तेथे टाकते. म्हणूनच काशीच्या एका काठावर दगडी घाटांची रांग आणि खोल पाणी आहे, तर समोरच्या काठावर हिवाळ्यात व उन्हाळ्यात वाळूचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. एकाच नदीचे हे दोन काठ नावाड्याला दोन वेगळे प्रश्न घालतात.

घाटांच्या रांगेत मराठी वाचकाला परिचयाची नावे भेटतात. अहिल्याबाई घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट आहे, आणि मणिकर्णिकेच्या शेजारी शिंदे घाट आहे. हा घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधला. त्याचे काम इतके वजनदार झाले, की ते आपल्याच भाराने नदीच्या बाजूस खचले. तेथूनच जवळ असलेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर आजही स्पष्टपणे कललेले दिसते आणि पाणी वाढले की त्याचा गाभारा बुडून जातो. ज्या पाण्याच्या कडेला एवढे दगडी काम तग धरू शकले नाही, त्याच पाण्यावर लाकडाची हलकी नाव एका दोराच्या आधाराने रात्रीमागून रात्री काढते. ती टिकते, कारण ती पाण्याशी झुंजत नाही. पाणी चढले की चढते, उतरले की उतरते. तिला असे चढू-उतरू देणे, हेच बांधणाऱ्याचे खरे काम होय.

समुद्राची भरती काशीपर्यंत पोचत नाही. तरीही येथील पाण्याची पातळी स्थिर नसते. उन्हाळ्यातील पातळी आणि पुराची पातळी यांत दहा मीटरहून अधिक फरक पडतो. केंद्रीय जल आयोगाने वाराणसीसाठी ७०.२६२ मीटर ही इशाऱ्याची आणि ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी ठरवलेली आहे. ९ सप्टेंबर १९७८ रोजी गंगा ७३.९०१ मीटरपर्यंत चढली होती. (या उंच्या समुद्रसपाटीपासून मोजलेल्या आहेत; ती पाण्याची खोली नव्हे.) पावसाळ्यात पातळी ताशी किती सेंटीमीटर वाढते आहे, याच्या बातम्या रोज येतात आणि नावाडी त्या बाजारभावासारख्या ऐकतो.

ताशी चार सेंटीमीटर ही वाढ ऐकताना किरकोळ वाटते. पण रात्री आठ वाजता बांधलेली नाव सकाळी सहा वाजता सोडायची असेल, तर मधल्या दहा तासांत पाणी चाळीस सेंटीमीटर वर येते. म्हणजे घाटाच्या दोन-तीन पायऱ्या रात्रीतून नाहीशा होतात. आता अशी कल्पना करावी, की नावाड्याने पाण्यालगतच्या कडीला नाव आखूड दोराने घट्ट बांधली आहे. पाणी चढते, कडी बुडते, नाव वर येऊ पाहते. पण दोर तिला येऊ देत नाही. दोर ताणला जातो आणि नावेची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, खाली ओढले जाते. एकदा नाळेवरून पाणी आत शिरू लागले, की ते जितके शिरते तितकी नाव जड होते आणि जितकी जड होते तितके पाणी अधिक शिरते. अशा वेळी दोर जितका मजबूत, तितके नुकसान निश्चित. कच्चा दोर निदान तुटला तरी असता!

म्हणून जाणता नावाडी पाण्यालगतची कडी सोडून चार-पाच पायऱ्या वरची कडी किंवा खुंटा निवडतो आणि दोर सैल ठेवतो. पण सैल किती? फार सैल दोर असेल, तर नाव प्रवाहात इकडून तिकडे फिरते, शेजारच्या नावेवर आदळते, पायऱ्यांच्या कडांवर घासते. यावर उपाय म्हणजे दोन दोर. एक नाळेपासून काठाकडे आणि दुसरा पिछाडीकडून, प्रवाहाच्या वरच्या बाजूस असलेल्या एखाद्या आधाराकडे नेला, की नाव वर-खाली होण्यास मोकळी राहते आणि तरी वाहवत नाही. दोन नावांच्या मध्ये जुने टायर टांगले, की एकमेकींचे धक्के त्यांच्यावर जातात.

चढते पाणी सर्वांना दिसते, म्हणून सर्व जण त्याला भितात. उतरते पाणी अधिक फसवे. पूर ओसरू लागला, की माणसे निर्धास्त होतात आणि नेमकी त्याच रात्री नावेची एक बाजू बुडालेल्या पायरीवर टेकते. पाणी आणखी खाली जाते. टेकलेली बाजू वरच राहते आणि नदीकडची बाजू खाली झुकत जाते. पहाटेपर्यंत नाव कलंडलेली असते. यासाठी पाणी उतरत असताना नाव पायऱ्यांपासून थोडी दूर, खोल पाण्यात ठेवावी लागते आणि रात्रीतून एक-दोनदा उठून तिला लांब बांबूने आत ढकलावी लागते.

थोडे थांबा आणि उत्तर द्या: पाणी ताशी तीन सेंटीमीटर उतरत असेल, तर संध्याकाळी सात ते पहाटे पाच या वेळात ते किती खाली जाईल? नावेचा तळ पायरीपासून वीस सेंटीमीटर वर असेल, तर काय होईल?

दोराविषयी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. नायलॉनचा दोर ताण आला की थोडा लांबतो आणि धक्का सोसतो, म्हणून तो या कामाला चांगला. परंतु दगडाच्या धारदार कडेवर तो रात्रभर घासत राहिला, तर सकाळपर्यंत त्याचे पीळ उलगडलेले असतात. जेथे दोर कडेला लागतो, तेथे चिंध्या गुंडाळणे किंवा रबरी नळीचा तुकडा ओवणे एवढाच उपाय आहे आणि तो पुरतो. दुसरी गोष्ट गाठीची. गाठ घट्ट असणे पुरेसे नाही. संकटात ती सोडता आली पाहिजे. खुंट्याभोवती प्रथम दोन पूर्ण वेढे देऊन मग दोन अर्ध्या गाठी मारल्या, तर ओढ वेढ्यांवर पडते आणि दोर ताणलेला असतानाही गाठी हाताने सोडता येतात. एकावर एक पाच-सहा गाठी मारणाऱ्याला पुराच्या रात्री कोयता शोधावा लागतो.

आता समोरच्या काठाकडे वळू. वाळूच्या बाजूस ना पायऱ्या असतात, ना कड्या. मैदानाची कड उथळ असते, म्हणून नाव काठापासून दूर, पुरेशा पाण्यात उभी करावी लागते. येथे नांगराशिवाय गत्यंतर नाही. मराठीत शेतातल्या अवजाराला आणि नावेच्या लंगराला ‘नांगर’ हा एकच शब्द आहे आणि तो या वस्तूचे काम फार नेमके सांगतो. नांगर आपल्या वजनाने नाव धरून ठेवतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. लहान नावेचा नांगर एका माणसाला उचलता येतो. एवढ्या वजनाने प्रवाहातील नाव थांबणे शक्य नाही. शेतातला फाळ जसा जमिनीत शिरतो, तशी नांगराची नखी तळाच्या वाळूत रुतते आणि नाव जितकी ओढते तितकी ती आणखी खोल जाते.

मात्र यासाठी ओढ आडवी असली पाहिजे. दोर आखूड असेल, तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि रुतलेली नखी उपसून निघते. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सातपट लांब सोडण्याचा नियम जगभरचे दर्यावर्दी पाळतात. खोली मोजताना पाण्यापासून नाळेपर्यंतची उंचीही धरावी लागते. पाणी दोन मीटर आणि नाळ अर्धा मीटर उंच असेल, तर एकूण अडीच मीटर झाले; पाचपटीने साडेबारा मीटर दोर हवा, वाऱ्याची चिन्हे असतील तर साडेसतरा. नांगराजवळ थोडी साखळी जोडली, की ती तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवण्यास मदत करते.

कोकणच्या किनाऱ्यावर हाच हिशेब भरतीमुळे बदलतो. समुद्राला सुमारे पंचवीस तासांत दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत दोहोंतील फरक चार मीटरहूनही अधिक असतो. ओहोटीच्या दोन मीटर पाण्यात साडेबारा मीटर दोरावर नांगरलेली होडी मध्यरात्रीच्या भरतीत सहा मीटर पाण्यावर तरंगू लागली, तर तोच दोर तिला अपुरा पडतो. त्यामुळे कोळी दोर मोजतो तो समोर दिसणाऱ्या पाण्याने नव्हे, तर येणाऱ्या भरतीच्या पाण्याने. शिवाय भरती-ओहोटीबरोबर ओढीची दिशा उलटते आणि होडी नांगराभोवती फिरते. तिला फिरण्यापुरती मोकळी जागा चारही बाजूंस ठेवावी लागते. गंगेत प्रवाहाची दिशा एकच असल्याने हा त्रास कमी, पण वैशाख-ज्येष्ठातील आंधी सुटली, की वाऱ्याच्या जोराने येथेही नाव फिरते आणि तिरप्या ओढीने नखी सुटू शकते.

नांगर टाकल्यावर तो धरला आहे की घसरतो आहे, हे अंधारात कसे ओळखावे? यासाठी एक जुनी, बिनखर्ची युक्ती आहे. काठावरचा एक दिवा आणि त्याच्या मागे दूर उंचावरचा दुसरा दिवा एका रेषेत धरावा. नाव जागेवर असेपर्यंत ते एका रेषेत, किंवा थोडेसे हलून पुन्हा रेषेत येतात. दोघांमधले अंतर एकाच बाजूने वाढत चालले, तर नाव निघाली असे समजावे. दोरावर हात ठेवूनही कळते: धरलेल्या नांगराचा दोर शांतपणे ताणलेला असतो, घसरणाऱ्या नांगराचा दोर थरथरतो, मधूनच झटके देतो.

काठापासून दूर नांगरलेल्या नावेवर चारही बाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा ठेवणे आवश्यक आहे. प्रयागराज ते हल्दिया हा गंगेचा मार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाला. वाराणसीजवळ रामनगर येथे २०१८ मध्ये मालवाहू जहाजांसाठी धक्का सुरू झाला, आणि आता प्रवासी क्रूझही येथून जातात. मोठ्या जहाजाच्या चालकाला अंधारातील काळी लाकडी नाव दिसत नाही. दिसली, तरी त्याच्या मागे उठणाऱ्या लाटा तिला हेलकावे देतातच.

पुराच्या दिवसांत या सगळ्या युक्त्या एकाच वेळी उपयोगात आणाव्या लागतात. पाणी वाढले, की प्रशासन नावा चालवण्यास बंदी करते. घाटांना जोडणारी वाट बुडते, आरती गच्चीवर होऊ लागते. कमाई थांबते, राखण मात्र दुप्पट होते. पाणी जसजसे चढते, तसतसा प्रत्येक नावेचा दोर खालच्या कडीतून सोडून वरच्या कडीत बांधावा लागतो, आणि दुसरा बांधल्याखेरीज पहिला सोडायचा नसतो. शेजारच्या नावेचा मालक हजर नसेल, तर तिचा दोरही जो जागा असेल तोच वर घेतो. एक नाव सुटली, तर ती प्रवाहाबरोबर खालच्या दहा नावांवर जाऊन आदळते, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

उजाडल्यावर वाळूकडची नाव सोडताना नांगर जोराने ओढण्यात अर्थ नसतो. नावाडी दोर हळूहळू गोळा करत नावच नांगरावर आणतो. दोर सरळ उभा झाला, की रात्रभर न हललेली नखी थोड्याशा हिसक्याने वाळूतून मोकळी होते. दोराची गुंडाळी नाळेत ठेवून तो वल्ही हाती घेतो आणि पहाटेच्या यात्रेकरूंसाठी घाटाकडे वळतो.

स्वाध्याय

१. ‘दोर जितका मजबूत, तितके नुकसान निश्चित’ असे पाठात का म्हटले आहे?

२. उतरते पाणी चढत्या पाण्यापेक्षा अधिक फसवे का ठरते?

३. ओहोटीच्या वेळी पाणी दीड मीटर, नाळेची उंची अर्धा मीटर आणि भरतीने होणारी वाढ तीन मीटर असेल, तर पाचपटीच्या नियमाने किती मीटर दोर सोडावा लागेल?

४. तुमच्या परिसरातील एखाद्या कष्टकऱ्याच्या कामातील, पाहणाऱ्याला क्षुल्लक वाटणारी पण महत्त्वाची अशी एक कृती दहा ओळींत लिहा.