ज्वारीच्या दाण्यातला गर्भ आणि बाटलीतला गर्भ

ऊतीसंवर्धित उसाची रोपे आता आपल्या धाराशिव जिल्ह्यातही लावली जातात. "बाटलीतलं रोप बियाचं का बेण्याचं?" असे सभासद विचारतात. प्रश्न रास्त आहे.

मालदांडीचा दाणा रात्रभर भिजत घाला व नखाने सोलून पाहा. टोकाशी एका बाजूला इवलासा गर्भ, बाकी सारा पिठाचा साठा. फलन झालेल्या एकाच पेशीपासून हा गर्भ होतो. शिदोरी आईने बांधून दिलेली, वर टरफलाचे पांघरूण. वाढ पुरी झाली की दाणा वाळतो आणि गर्भ झोपी जातो, तो ओल लागेपर्यंत. उसाच्या तुऱ्यातही बारीक केसाळ बी असते. पण त्याचे प्रत्येक रोप निराळ्या गुणाचे निघते. म्हणून ते नव्या जाती काढणाऱ्यांच्या कामाचे. लागणीला आपण डोळाच लावतो.

प्रयोगशाळेत गर्भाला फलन लागतेच असे नाही. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा व सतीश माहेश्वरी यांना धोत्र्याच्या परागकोशात गर्भ वाढताना दिसले. ते परागकणांपासून झालेले होते. आपल्या बांधावरच्या धोत्र्याचाच तो भाऊबंद!

उसात पोंग्यातील कोवळ्या पानाचे तुकडे घेतात. खाद्यात अगदी थोडे २,४-डी घालतात. होय, रुंद पानांच्या तणावर आपण फवारतो तेच. त्याने पेशींचा गोळा होतो. मग २,४-डी बंद केले की त्या गोळ्यावरचे गर्भ कोंब धरतात. यांना पिठाचा साठा नाही, टरफल नाही. शिदोरी म्हणून बाटलीत साखर घालावी लागते, म्हणजे आपलाच माल. आणि हे गर्भ झोपत नाहीत, लगेच रुजू लागतात.

मग सगळी रोपे आईसारखीच का? बहुतेक तशीच, पण गोळा फार दिवस वाढवला तर मधूनच एखादे वेगळे निघते. नवी जात शोधणाऱ्याला ते हवेच असते, बेणेमळ्याला मात्र चालत नाही. म्हणून बेण्यासाठी दुसरी वाट धरतात: कोंबाच्या शेंड्याचा सूक्ष्म भाग घेऊन त्यालाच फुटवे आणायचे. इथे गोळाही नाही आणि गर्भही नाही. तेव्हा आमचे सांगणे असे, की रोपे घेताना जात विचारता तशी ती शेंड्यापासूनची की गोळ्यापासूनची, हेही विचारा. शेंड्याच्या रोपालाही शेतात नव्याने रोग लागू शकतो. गवताळ वाढीचे बेट दिसले की मुळासकट उपटून जाळावे.