उरेबाची कैफियत

ज्याने आयुष्याची एकतीस वर्षे लोकांच्या शेतांचे बांध मोजण्यात घालविली, ज्याच्या नकाशावर न्यायालयात उलटतपासण्या होऊनही फेरमोजणीचा हुकूम म्हणून कधी निघाला नाही, त्या माणसाला साडेपाच इंचांचा चौकोन नीट कापता येत नाही, असा निवाडा वर्गातल्या पंधरा-वीस बायकांच्या देखत एका शिकवणाऱ्या बाईंनी द्यावा, आणि तो निवाडाही सपशेल चुकीचा असावा, हे शल्य अजून बोचते आहे. म्हणून ही कैफियत.

नातीसाठी छत्तीस इंचांची लहानशी गोधडी करावयाची होती. ‘हाफ स्क्वेअर ट्रँगल’, म्हणजे एक फिका व एक गडद त्रिकोण कर्णावर जोडून सिद्ध होणारा चौकोन, असे तीन इंची 144 नग हवे होते. बाईंच्या छापील कागदावर एकच पद्धत होती: साडेपाच इंची दोन चौकोन सुलट्यावर सुलटे ठेवावेत, चारही कडांनी पाव इंचावर शिवण मारावी, आणि दोन्ही कर्णांवर कापावे, की चार नग पदरात पडतात. छत्तीस जोड्यांत काम उरकते, या हिशेबावर मीही भाळलो, हे कबूल करतो.

सगळे नग जोडून झाले आणि पट शहाबादी फरशीवर अंथरला, तेव्हा तो पसरेचना. मधून चापून बसवावा तर कडा तळलेल्या पापडासारख्या उठत. टेप लावला. साडेछत्तीस इंच भरावयास हवे होते; मधोमध सव्वाछत्तीस भरले आणि खालच्या कडेला पुरते अडतीस! बाईंनी पट हाती न घेताच सांगितले, “काका, तुमचं कापणं चुकलंय. आणि पुरुषांचा हात जरा जडच असतो.” बायका हसल्या. उरलेले चौकोन मी पिशवीत घालून नेले होते, ते तिथल्या तिथे मोजून दाखविले. तेव्हा बाईंनी चूक इस्त्रीच्या माथी मारली. इस्त्री मी फिरविली होती हे खरे, पण इस्त्रीने दीड इंच जमीन वाढत नाही.

त्या रात्री एक सुटा नग दिव्याखाली धरला. शिवणीच्या दिशेने ओढला, तो जागचा हलला नाही. कडेने ओढला, आणि रबरासारखा लांबला. भिंग लावून पाहिले तर धागे कडेला समांतर नव्हतेच. प्रत्येक धागा कडेवर तिरका येऊन तुटलेला होता. उरेब! कर्णावर कापले की नव्या कडा उरेब होणार, हे कोणताही शिंपी झोपेतसुद्धा सांगेल. त्या पद्धतीत सरळ धागा शिवणीत दडतो आणि ताणली जाणारी कड चारही बाजूंनी उघडी पडते. आमच्या आईच्या गोधडीत ठिगळे हवी तशी तिरकी असत आणि तरीही ती गोधडी कधी वाकडी झाली नाही, याचे इंगितही तेव्हाच उमगले: तिचे प्रत्येक ठिगळ खालच्या लुगड्यावर धावदोऱ्याने टाचलेले असे, ते लुगडे त्याला आवरून धरी. या जोडकामात तुकड्याला आधार केवळ शेजारच्या तुकड्याचा, आणि तोही तितकाच ढिला.

तेव्हा नवशिक्यांनी दोनाची पद्धत धरावी. तीन इंची नगासाठी चार इंचांचे चौकोन घ्यावेत. पुस्तकी माप पावणेचारहून अष्टमांश इंच अधिक, म्हणजे 3⅞ आहे, परंतु वाढीव अष्टमांशावरच नवख्याची अब्रू टिकते. फिक्या कापडाच्या उलट्या बाजूस पेन्सिलीने कर्ण आखावा, रेघेच्या दोन्ही अंगांस पाव इंचावर शिवावे, मग रेघेवर कापावे. दोन नग निघतात आणि त्यांच्या बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर राहतात. पट्टीची पंचेचाळीस अंशांची रेघ शिवणीवर बसवून प्रत्येक नग साडेतीन इंचांवर छाटावा. घाईच असेल तर आठ इंची चौकोनांवर दोन्ही कर्ण आखून, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांस शिवून, आधी उभे-आडवे मधोमध व मग कर्णांवर कापावे. आठ नग मिळतात, आणि कडा याही पद्धतीत सरळच.

पाव इंच म्हणजे पाव इंचच. दीड इंची तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडून पाहाव्यात. मधली बरोबर एक इंच भरली नाही, तर मशीनच्या दाबपट्टीवर विसंबू नये, पत्र्यावर चिकटपट्टी लावून खूण करावी. कोपऱ्यावर सुरुवात केली की मशीन कापड गिळते. आधी एक चिंधी घालावी. कापण्यापूर्वी कापडाला खळ द्यावी. इस्त्री ठेवावी आणि उचलावी, फिरवू नये (एवढे एक बाईंचे बरोबर होते). कापड आधी धुऊन घ्यावे, कात्री धारदार असावी, वगैरे सर्वांना ठाऊकच असते.

फी परत मागितली, तेव्हा पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले कलम बाईंनी बोट ठेवून दाखविले. नातीची गोधडी मी दोनाच्या पद्धतीने नव्याने केली. जुना पट उसवलेला नाही; पुराव्यादाखल, पावती टाचून, कपाटात ठेवला आहे.