साइडव्हीलची स्कूटर : थंडीतील देखभाल आणि फेरबदल

गॅरेज, वेल्डिंग आणि फॅब्रिकेशनच्या कामात आपले पुष्कळ बांधव आहेत. पाऊस संपला, दिवाळीपूर्वीच्या दुरुस्त्यांची घाई उरकली, की अनेक दुकानांत काम थोडे सैल पडते. या दिवसांत हाती घेण्यासारखे एक काम म्हणजे दिव्यांग बांधवांच्या साइडव्हील लावलेल्या स्कूटरींची वार्षिक तपासणी. हवा कोरडी असल्यामुळे रंग लवकर वाळतो आणि पावसाने केलेले नुकसानही याच वेळी नीट दिसते. हे काम कसे करावयाचे, ते या धड्यात क्रमाने पाहू.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इतर ग्राहकाची गाडी दोन दिवस दुकानात राहिली तर तो एस.टी.ने जातो किंवा पायी जातो. या ग्राहकाची गाडी दुकानात म्हणजे तो स्वतः घरात. त्याची टपरी बंद, फेरी बंद, मुलांची शाळेची ने-आण बंद. म्हणून दिवस आधी ठरवून घ्यावा, लागणारे सामान आधीच आणून ठेवावे आणि शक्यतो सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत द्यावी.

१. ही गाडी वेगळी कशी?

लोक हिला तीनचाकी म्हणतात, पण मोजली तर चाके चार. पुढचे एक, इंजिनाच्या जोरावर फिरणारे मागचे एक आणि आधारासाठी दोन्ही बाजूंना एकेक. साधी स्कूटर वळणावर आतल्या अंगाला झुकते. ही झुकू शकत नाही. त्यामुळे वळणावर सारा भार बाहेरच्या बाजूच्या चाकावर, त्याच्या आर्मवर आणि बेअरिंगवर येतो. पुढच्या चाकालाही आडवा रेटा बसतो, म्हणून हँडलचा कोनसेट आणि पुढच्या चाकाची बेअरिंगे साध्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. चौकटीचे जादा वजन ओढावे लागत असल्याने गिअर नसलेल्या स्कूटरचा बेल्ट, रोलर आणि क्लच शू यांच्यावरही जास्त ताण पडतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बहुतेक संचांत बाजूच्या चाकांना ब्रेक नसतो. मागचा ब्रेक फक्त मधल्या चाकाला असतो. ते चाक जमिनीवर घट्ट टेकलेले असेल तरच गाडी पुढे जाते आणि तरच मागचा ब्रेक लागतो.

२. चौकट आणि गंज

पावसाळ्यात चिखल-पाणी चौकोनी पाइपात शिरते आणि आतून गंज धरतो. वरचा रंग चकचकीत असूनही आतला पत्रा कागदासारखा पातळ झालेला असू शकतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होते. गाडी धुऊन, पुसून कोरडी करावी आणि लहान हातोडीने चौकटीवर हलके ठोके द्यावेत. चांगला पाइप टणक वाजतो, सडलेला बद्द वाजतो. वेल्डिंगच्या कडेला, जेथे आर्म चौकटीला मिळतो तेथे, तारेच्या ब्रशने घासून केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहावे.

चीर सापडली तर नुसता वरून टाका मारू नये. चौकट स्कूटरवरून उतरवून घ्यावी, सडलेला तुकडा कापून काढावा, तितक्याच जाडीचा नवा पाइप जोडावा आणि मगच वेल्डिंग करावे. चौकट गाडीवर असताना वेल्डिंग करण्यात दोन धोके आहेत. पेट्रोलची टाकी जवळ असते, हा पहिला. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ नियम लागू झाल्यानंतरच्या स्कूटरींत इंधन सोडण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते आणि वेल्डिंगच्या प्रवाहाने ती जळू शकते, हा दुसरा. काही कारणाने चौकट उतरवता येत नसेल, तर ते काम त्या दिवशी हाती घेऊ नये. स्कूटरच्या मूळ चासीवर तर कधीही वेल्डिंग करू नये. चौकट क्लँप आणि बोल्टनेच बसवावी.

पाइपाच्या सर्वांत खालच्या जागी, वेल्डिंगपासून दूर, पाणी निघून जाण्यासाठी एक लहान छिद्र ठेवावे. गंज पूर्ण काढून रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. रंगकाम सकाळी उन्हे आल्यावर सुरू करावे, रात्रीच्या दहिवरात ओला रंग ठेवू नये. बोल्ट उच्च ताकदीचे, डोक्यावर ८.८ असा आकडा असलेले घ्यावेत. नायलॉनचे नट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत.

३. उंची आणि रेषा : माणूस बसवून

या धड्यातील मुख्य भाग हा आहे आणि तो मी चूक करून शिकलो. आठवडी बाजारात बांगड्या विकणाऱ्या एका ग्राहकाची गाडी मी रिकामी उभी करून बाजूची चाके जमिनीला बरोबर टेकवून दिली. दिसायला काम सुरेख झाले. तो बसला, मागे बांगड्यांची पेटी ठेवली, तसे मधल्या चाकाचे शॉकअब दबले, चौकट खाली आली आणि भार बाजूच्या चाकांवर गेला. उतारावर त्याने मागचा ब्रेक दाबला. मधले चाक थांबले, पण गाडी थांबली नाही. ती घसरत एका भिंतीला जाऊन लागली. अल्लाहच्या कृपेने त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. फुटलेल्या बांगड्यांचे पैसे मी भरून दिले. त्या दिवसापासून ग्राहकाला बसविल्याशिवाय मी उंची ठरवीत नाही.

पद्धत अशी. चारही चाकांत नेमकी हवा भरावी. सपाट फरशीवर गाडी उभी करावी. ग्राहकाला त्याच्या नेहमीच्या सामानासह बसवावे. आता मागच्या भाराचा मोठा वाटा मधल्या चाकावर हवा आणि बाजूची चाके जमिनीला हलकी टेकलेली हवीत. डावे-उजवे चाक सारखे टेकले पाहिजे, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

मग ही परीक्षा घ्यावी. दोन्ही बाजूच्या चाकांखाली साधारण दोन सेंटीमीटर जाडीची फळी सरकवावी. रस्त्यातल्या खड्ड्यावर किंवा गतिरोधकाच्या कडेला गाडीची जी अवस्था होते, तीच ही. ग्राहकाला फक्त मागचा ब्रेक धरावयास सांगावे आणि एका मदतनीसाला पुढे उभे करून गाडी हळूच ढकलावी. गाडी सहज सरकली तर मधले चाक अधांतरी आहे, असे समजावे. बाजूच्या आर्मचे स्प्रिंग फार कडक असतील, गंजून अडकले असतील किंवा उंची चुकली असेल. ते दुरुस्त केल्याशिवाय गाडी देऊ नये.

रेषा पाहणे सोपे आहे. मधल्या टायरपासून बाजूच्या टायरपर्यंतचे अंतर आसाच्या उंचीवर पुढच्या कडेला मोजावे, मग मागच्या कडेला मोजावे. दोन्ही मापे सारखी यावयास हवीत. डाव्या-उजव्या बाजूची मापेही जुळली पाहिजेत. टायर एकाच कडेने करवतीसारखा झिजत असेल तर चाक तिरके आहे. नुसते टायर बदलून ग्राहकाचे पैसे वाया घालवू नयेत.

४. बॅटरी, हवा आणि ब्रेक

थंडीच्या सकाळी बॅटरीचा जोर कमी पडतो. इतरांची बॅटरी बसली तर ते किक मारतात. पायात बळ नसलेल्या माणसाला ती सोय नाही. म्हणून त्याच्या गाडीची बॅटरी ‘अजून चालते आहे’ एवढ्यावर सोडू नये. गाडी काही तास बंद ठेवून मीटर लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करावी. स्टार्टर मारताना आकडा १० च्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यावा. न आल्यास दोष चार्जिंगचा आहे. नवी बॅटरी टाकून तो जाणार नाही. टर्मिनल घासून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा हात द्यावा.

थंडीने टायरमधील हवेचा दाबही उतरतो. तापमान पाच-सहा अंशांनी घसरले की साधारण एक पौंड दाब कमी होतो. निफाड किंवा परभणीकडच्या कडाक्याच्या थंडीत हा फरक चांगलाच जाणवतो. बाजूची चाके लहान असल्याने हवेच्या थोड्या फरकाने गाडीची बैठक बदलते. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

ब्रेकचे लायनर, केबल आणि लिव्हरचे खेळणे पाहावे. एप्रिल २०१९ नंतरच्या अनेक स्कूटरींत डावा लिव्हर दाबला की दोन्ही ब्रेक एकत्र लागतात. त्याची जोडणी कोणी सैल करून ठेवली आहे का, ते तपासावे. चढावर हा ग्राहक पाय टेकू शकत नाही. त्यामुळे ब्रेक दाबून अडकवून ठेवणारी कडी मजबूत आहे ना, ते स्वतः चढावर उभे राहून पाहावे.

५. फेरबदल : गरज विचारून

भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आज आपल्याकडे येणारे पोलिओग्रस्त ग्राहक बहुतेक प्रौढ आहेत. तरुण ग्राहकांत अपघाताने कंबरेखालचा भाग लुळा झालेले किंवा पाय गमावलेले लोक दिसतात. प्रत्येकाची गरज वेगळी असते, म्हणून एकच साचा सर्वांना लावू नये. चढ-उतार कसा करता, कुबडी कोणत्या हाताने धरता, पाठीला आधार लागतो का, हे आधी विचारावे.

कुबडीची जागा अशी असावी की तिचे टोक बाजूच्या चाकाबाहेर येणार नाही. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्यासाठी सीट आणि खुर्ची यांच्या उंचीत कमीत कमी फरक ठेवावा. ज्याच्या पायांना संवेदना नाही, त्याला सायलेन्सरचा चटका कळत नाही. जखम घरी गेल्यावर दिसते. अशा ग्राहकासाठी सायलेन्सरवर जाळी आणि पाय जागेवर ठेवणारा मऊ पट्टा आधी करावा, शोभेचे दिवे नंतर. मागे जाण्यासाठी मोटार बसवली असेल तर तिच्या वायरला फ्यूज हवाच.

६. कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. दिव्यांगासाठी गाडी अनुकूल करून घेण्याची वाट २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट केली आहे, पण नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी आणि केंद्र सरकारच्या अटी पाळणे आवश्यक आहे. बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आर.सी. बुकात नोंद करून घ्यावी लागते. नियमबाह्य बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ग्राहकाला आधी आर.टी.ओ. कार्यालयात चौकशी करावयास सांगावे. मान्यतेचा कागद असलेला तयार संच निवडणे सोयीचे. वाहनांची अशी तपासणी करणारी ए.आर.ए.आय. ही संस्था पुण्यातच आहे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. नाहीतर अपघातानंतर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो.

७. धंदा आणि अमानत

अशा गाड्यांची एक वेगळी वही ठेवावी. गाडीचा नंबर, उंचीचे माप, बॅटरीची तारीख, पाइपाची जाडी हे सारे त्यात लिहावे. अंदाजपत्रक आधी लिहून द्यावे आणि काढलेले जुने सामान ग्राहकाला दाखवावे. काम दिल्यावर आठवड्याने परत बोलावून नट-बोल्ट पुन्हा आवळून द्यावेत आणि त्याचे पैसे घेऊ नयेत. अशा दुकानाचे नाव एक ग्राहक दुसऱ्याला सांगतो आणि दर हिवाळ्याला काम चालत येते.

कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप घेताना पूर्ण घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. आपण तो तराजूवाल्या दुकानदारापुरता समजतो. जाड पाइपाचे पैसे घेऊन पातळ पाइप लावणे हेही कमी मापच आहे, आणि रंगाखाली ते ग्राहकाला दिसत नाही. अल्लाह आपल्या कारागिरांच्या हाताला सचोटी आणि रोजीला बरकत देवो.

उजळणीसाठी प्रश्न

१) मधले चाक अधांतरी आहे हे कोणत्या परीक्षेने कळते?
२) चौकट उतरवूनच वेल्डिंग का करावे?
३) रिकाम्या गाडीवर उंची ठरविल्यास ब्रेकवर काय परिणाम होतो?
४) पायांना संवेदना नसलेल्या ग्राहकासाठी कोणता फेरबदल सर्वांत आधी करावा?