डिसॅबिलिटी पेन्शन: तारीख पडण्याआधीची कामं

मी फौजेतून बाहेर पडलो तेव्हा रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर माझ्या रक्तदाबासमोर ३० टक्के लिहिले होते, आणि पुढे ‘नाना’. म्हणजे आजार नोकरीमुळे झालेला नाही आणि नोकरीने वाढलेलाही नाही. कारणाच्या रकान्यात एकच ओळ: पीस स्टेशनला असताना सुरू झाला. त्याच फाइलच्या तळाशी भरतीच्या वेळचा मेडिकलचा कागद होता, त्यावर आजाराची एकही नोंद नव्हती. मधल्या फील्ड पोस्टिंगबद्दल बोर्डाने चकार शब्द काढला नव्हता. पेन्शनीचा दावा फेटाळला, पहिलं अपील फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. उत्तरांची भाषा तीच, तारीख तेवढी वेगळी.

आता आमच्या तालुक्यातल्या माजी सैनिकांची कागदपत्रं लावून देतो, म्हणून हे लिहायला बसलो.

‘नाना’ वाचून बरेच जण गप्प बसतात. बसू नये. धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितलंय: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असंच धरायचं, आजार नोकरीचा नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं दिलीच पाहिजेत. पीस स्टेशनला आजार सुरू झाला एवढं कारण पुरत नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच २०१४ च्या राम अवतार निकालाने तर सेवा पूर्ण करून घरी आलेल्यांनाही राउंडिंग ऑफ मिळालं. २० टक्क्यांचे ५० धरायचे, ५० चे ७५. टक्केवारी २० च्या खाली असेल तर मात्र नियमात सहसा काही मिळत नाही, तेव्हा तो आकडा आधी बघा. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झालेत. त्यानंतर घरी आलेल्यांनी जुन्या निकालांवर डोळे झाकून विसंबू नये.

कायदा इतका आपल्या बाजूने असताना वर्षं कशात जातात? ती जातात सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या, आपण ज्याला एएफटी म्हणतो त्याच्या, रांगेत. २००७ च्या कायद्याने ते २००९ मध्ये सुरू झालं. खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक प्रशासकीय, म्हणजे निवृत्त लष्करी अधिकारी. यातला एक निवृत्त झाला आणि दिल्लीहून नवी नेमणूक आली नाही की सुनावण्या अडतात. जाणाऱ्याची तारीख सरकारला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. युनिटमध्ये सुभेदार मेजर पेन्शनीला जायचा असला की बदली माणूस कधीचा ठरलेला असतो. इथेच ते का जमू नये?

पण नुसती माणसं भरूनही भागणार नाही. माझ्या एका तारखेला सरकारी वकिलांनी सांगितलं, ‘मेडिकल डॉक्युमेंट्स मागवलेत, चार आठवडे द्या.’ शेजारच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, सराफाच्या दुकानाच्या पिशवीत मालकांचं डिस्चार्ज बुक घेऊन. त्यांनाही तेच उत्तर. ज्या प्रश्नाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने लावून टाकलाय त्यावर पुन्हा पुन्हा तारखा घेण्यात खंडपीठाचा दिवस जातो. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जवानांविरुद्धची अशी अपिलं मागे घ्या असं लिहून दिलं होतं. ते नेटाने झालं असतं, एकसारखे अर्ज एका दिवशी एकत्र लावले असते आणि बोर्डांनी कारणं नीट लिहिली असती, तर आहे त्या सदस्यांतही बरंच उरकलं असतं, असं माझं मत आहे.

ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात एवढंच, की आपला अर्ज कागदाअभावी अडू नये. बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग्ज रेकॉर्ड ऑफिसकडून माहिती अधिकारात मागवा. सरकारी वकील मागवतील म्हणून थांबू नका. भरतीचं मेडिकल, पोस्टिंगची यादी आणि आजाराची पहिली नोंद तारखेनिशी एका पानावर आणा. फील्डमधले महिने वेगळे दाखवा. न्यायाधीशांना फाइल चाळावी लागली नाही तर सुनावणी पुष्कळदा लवकर आटोपते, हे मी पाहिलंय. अपिलावर सहा महिने उत्तर आलं नाही तर थेट एएफटीत अर्ज करता येतो. फेटाळल्याचं पत्र आलं असेल तर त्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करा. आपल्याकडचे अर्ज मुंबई खंडपीठाकडे जातात. महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा त्याच्याच कक्षेत येतात.

उशीर झालाय म्हणून सोडूनही देऊ नका. पेन्शन दरमहाची असल्याने उशीर बहुधा माफ होतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे घरी बसून विचार करण्यात गेलेला प्रत्येक महिना कायमचा गेला.

ऑर्डर हाती आली की प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, पोचपावती जपा. दिलेल्या मुदतीत सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, आला नाही तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच खंडपीठात टाकावा लागतो, आणि त्याला ती पावती लागते.