राख कोणाची?

चि. छोटू यास, इंदूरहून काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईने फोनवर हसत हसत सांगितलं आणि इथे काकाची झोप उडाली. महाकालाच्या भस्मारतीची माहिती देताना तू पाहुण्यांपुढे म्हणे 'अ‍ॅशेस' म्हणालास. एका बाईंनी 'कोणाच्या?' असं विचारलं आणि तू नुसती मान डोलावलीस! आईला गंमत वाटली. काकाला नाही वाटली.

अरे, 'अ‍ॅश' म्हणजे राख. 'अ‍ॅशेस' म्हटलं तर इंग्रज चुलीतली राखही समजेल. पण देऊळ, मंत्र, विधी असं काही शेजारी आलं की त्याला आधी आठवते ती चितेतली रक्षा. तुझ्यासारख्या क्रिकेटवेड्याला हे ठाऊक नसावं? 1882 साली ओव्हलवर ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला हरवलं, तेव्हा लंडनच्या 'स्पोर्टिंग टाइम्स'ने इंग्लिश क्रिकेटची खोटी मृत्युवार्ता छापली: देहाला अग्नी देऊन 'अ‍ॅशेस' ऑस्ट्रेलियाला नेण्यात येतील. मालिकेचं नाव तिथलं. बाईंनी विचारलं ते याच अर्थाने. महाकालाला आज गोवऱ्यांचं भस्म लागतं. चिताभस्माची आख्यायिकाही जरूर सांग, पण आख्यायिका म्हणूनच.

जंतरमंतरवर तर आणखी जपून. सवाई जयसिंगाची ती वेधशाळा. तिथे ग्रहताऱ्यांचे वेध घेत, म्हणजे 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी'. तोंडून 'अ‍ॅस्ट्रॉलॉजी' निसटलं की पाहुणे तळहात पुढे करतील, आणि आपलं आडनाव जोशी! आपल्या 'ज्योतिष' या शब्दात दोन्ही मावतं, म्हणून जीभ घसरते.

एवढ्याशाने काय बिघडतं, असं म्हणशील. आपल्या गावाचंच बघ. अरबी ज्योतिर्विद उज्जैनला 'उझैन' लिहीत. त्यांच्या लिपीत 'झ' आणि 'र' यांत फरक एका टिंबाचा. ते टिंब कुठेतरी गळलं आणि लॅटिन ग्रंथांत उज्जैनचं 'अरीन' झालं. भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा जिथून जाते ते आपलं गाव. पण युरोपातले विद्वान रेखांश मोजत बसले अरीनपासून! कोलंबसाच्या 1498च्या पत्रातही हे अरीन आहे. उज्जैन कुणाच्या गावीही नव्हतं.

आणि त्या बाई? त्या आपल्या देशी जाऊन काय सांगतील, हेच काकाच्या डोक्यात फिरतंय. 2028च्या सिंहस्थाला अशा किती जणी येतील. 'कोणाच्या?' असं कुणी विचारलं तर थांब, नीट ऐक, मग बोल.

काकाचं तरुणपण त्या वेधशाळेच्या आवारात गेलं, तेही सायकल भिंतीला टेकवून गप्पा छाटण्यात. गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या गणितीने एके काळी सांभाळलेली ती जागा. पण सम्राट यंत्रावरची वेळ कशी वाचायची, हे तिथल्या कुणाला विचारावंसं काकाला कधी वाटलं नाही. पुढे बँकेत खर्डेघाशी करण्यात जन्म गेला. आता गुडघे त्या पायऱ्या चढू देत नाहीत.

फार बोललो का रे? तू अनोळखी माणसांपुढे उभा राहून परक्या भाषेत तासभर बोलतोस. तुझ्या वयात काकाला बँकेच्या साहेबापुढे दोन वाक्यं जुळवता येत नसत. बाईंचं उत्तर राहिलं तर राहू दे. पुढच्या महिन्यात काका उज्जैनला येतोय, तेव्हा तुझ्या पाहुण्यांत मागे उभा राहून ऐकेल, मध्ये बोलणार नाही. घसा बसलाय असं आई म्हणाली. सोबत ज्येष्ठमध पाठवलंय, पहाटे आरतीला जाताना तोंडात धर. आणि मफलर विसरू नकोस.

तुझा,
काका